वस्ताद, कुदळ मी उचलली

प्रिय वस्ताद,

उभ्या जन्मात तुम्हाला मी एक ओळ लिहिली नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं असं नाही, पेपर तर तुम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओठ हलवत वाचायचात. पण आपलं बोलणं व्हायचं ते मातीत, नाहीतर फोनवर. आता तुमचा फोन काकूंनी बंद करून पिठाच्या डब्यामागं ठेवलाय. म्हणून अप्पांच्या दुकानातून वही आणली आणि तालमीच्या ओट्यावर बसून लिहितोय. तुम्ही बसायचात त्या कोपऱ्यात नाही हं. दाराजवळ, पायताणं काढतो तिथं.

आणि आजच का? उद्या सकाळी इथं मांडव उभा राहणार आहे आणि सगळं गाव मिळून मला फेटा बांधणार आहे. तुमच्या जागी, वस्ताद म्हणून! मला तो बांधून घ्यायचा नाही, आणि नको म्हणायला तोंड राहिलेलं नाही. अडकलोय वस्ताद. फेटा बांधायच्या आधी तुम्हाला सगळं सांगून टाकावं म्हटलं. तुम्ही रागावलात तरी आता हातातली काठी माझ्यापर्यंत पोचायची नाही.

पहिल्यापासून सांगतो, कारण मला स्वतःलाच ते एकदा ओळीनं बघायचंय.

तुम्हाला आठवतं का, मी तुम्हाला पहिल्यांदा कुठं दिसलो? लंगडा एडका खांद्यावर घेऊन मी तालमीवरून चाललो होतो. वय असेल अकरा-बारा. पुढं आमची मेंढरं, मागं मी. तुम्ही ओट्यावरून हाक मारलीत, "ए पोरा, त्यो एडका खाली ठिव." मी ठेवला. "आता उचल." उचलला. "ठिव." असं दहा वेळा झालं. एडकासुद्धा कावला. अकराव्यांदा मी विचारलं, "कावून?" तुम्ही म्हणालात, "उद्यापस्नं तालमीत ये, मंग सांगतो कावून."

ते कावून, म्हणजे कशासाठी ते, तुम्ही कधी सांगितलं नाहीत!

आमचा बाप तयार नव्हता. "ह्यो कुस्त्या खेळाया लागला तर मेंढरामागं कोन जायाचं?" त्याचं काय चुकलं होतं? मग तुम्ही तालमीतले दोन दांडगे पैलवान महिनाभर आमच्या मेंढरांमागं धाडलेत. त्यांना सांगितलं, रानात पळणं हाच व्यायाम. बापाला सांगितलं, पोरगं तुमच्या कळपाचंच नाव काढील. दोघांनाही थाप मारलीत आणि दोघांनीही ती आनंदानं ऐकली. पुढं बाप माझ्या कुस्त्या बघायला जत्रेला यायला लागला आणि मी जिंकलो की तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. हे तुम्ही मला त्याच्या माघारी सांगितलंत. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

मग गेवराई, पाथर्डी, शेवगाव, पैठण, जिथं हलगी वाजेल तिथं आपण. ट्रकच्या मागं बसून जायचं, येताना धुळीनं ओळखू यायचं नाही. तुम्ही कधी मला शाबासकी दिली नाहीत. जिंकलो की म्हणायचात, "ढाक लावताना डावा पाय कुटं व्हता तुजा?" हरलो तर काहीच बोलायचा नाहीत आणि रात्रीच्या भाकरीवर तुपाचा गोळा जरा मोठा पडायचा. तेव्हा मला वाटायचं, तूप काकू वाढतात. परवा काकूंनी सांगितलं की तुम्ही स्वयंपाकघरात येऊन दटावून जायचात.

जिल्हा झाला, राज्याचं शिबिर झालं. तिथं मॅट. गादीवर कुस्ती! तुम्ही बघायला आलात, बोटानं दाबून पाहिलीत आणि म्हणालात, "ह्याच्यावर लेकरं निजवत्यात." माझी पाठ त्या गादीवर दोनदा लागली. मातीत सावकाश दम काढून मारायची सवय, आणि इथं मिनिटांचा हिशेब. तरी मी शिकलो. आणि शिकता शिकता उजवा गुडघा गेला.

कॅनडाचं निमंत्रण आलं ते त्याच साली. तिकडच्या पंजाब्यांचा एक क्लब उन्हाळ्यात कुस्त्या भरवायचा आणि इकडून पैलवान बोलवायचा. पासपोर्टसाठी बीडला फोटो काढायला गेलो तर फोटोवाला म्हणाला, कान नीट दिसू द्या. मी म्हटलं, बाबा, नीट असते तर दाखवले असते! तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. तुमचे दोन्ही कान मातीत घासून माझ्यापेक्षा मोडके, आणि हसताय मला.

स्टँडवर सोडायला आलात. दशम्यांचं गाठोडं दिलंत आणि म्हणालात, "दोन महिनं. गुडघा जपून खेळ. न्हाई जमलं तर तसाच ये, लाजू नगं."

दोन महिन्यांची सतरा वर्षं झाली.

तिथं तिसऱ्याच कुस्तीत गुडघा पुरता सुटला, हे तुम्हाला मी कळवलं नाही. क्लबानं उपचार केले, कागदपत्रं केली, लाकडाच्या वखारीत काम लावून दिलं. तुम्ही फोनवर विचारायचात, "कुस्ती चालू हाय न्हवं?" मी म्हणायचो, हाय. तेव्हा मी दिवसभर फळ्या मोजत होतो आणि रात्री गुडघ्याला बर्फ लावत होतो. तीन वर्षं खोटं बोललो. अप्पांनी कुणाच्या तरी मोबाईलवर माझा वखारीतला फोटो बघून तुम्हाला खरं सांगितलं, तरी तुम्ही पुढच्या फोनला तेच विचारलंत, "कुस्ती चालू हाय न्हवं?" आणि मी परत हाय म्हणालो. तेव्हाच का नाही झापलंत मला? एकदा कडक बोलला असतात तर मी रडून मोकळा झालो असतो, कदाचित पहिल्या विमानानं परतही आलो असतो. तुम्ही मला खोटं बोलू दिलंत. आता वाटतं, ती सवय मला तिथूनच लागली.

मग शाळेतलं काम मिळालं. कोच म्हणून नव्हे! जिममधली मॅट रोज संध्याकाळी औषधाच्या पाण्यानं पुसायची. चार वर्षं पुसली. एकदा एक पोरगं चुकीचा घिस्सा मारत होतं, मान मोडली असती त्याची. मी फडकं टाकून मधे घुसलो. ते बघून शाळेतल्या खेळाच्या बाईंनी विचारलं, तू कुठं शिकलास? मी म्हणालो, चकलांबा, माझं गाव. त्यांनी ते नाव लिहून घेतलं. तिथल्या नकाशात त्यांना सापडलं नाही, पण दुसऱ्या हंगामापासून मी मदतनीस झालो आणि मग मुख्य कोच.

गोरी, काळी, चिनी, पंजाबी पोरं. पोरीसुद्धा. मॅटवर पाय ठेवायच्या आधी सगळी खाली हात लावून कपाळाला लावतात, कारण कोच लावतो. मी "बस" म्हटलं की बसतात आणि "उठ" म्हटलं की उठतात. तुमची काठी सोडून सगळं तुमचंच नेलंय मी तिकडं. हे तुम्हाला दाखवायला व्हिडिओ कॉल करायचो, तर तुम्ही फोन कानाला लावायचात! इकडं मी पोरांचे डाव दाखवतोय आणि मला स्क्रीनभर दिसतोय तुमचा मोडका कान. मागून शब्बीर ओरडायचा, "वस्ताद, कानाला नगं, म्होरं धरा, म्होरं!" तुम्ही म्हणायचात, "मला आवाज येतोय की." सतरा वर्षांत तुमचा चेहरा मी फार कमी वेळा पाहिला. कान मात्र मला पाठ आहे.

शब्बीर. आता त्याच्याबद्दल बोलायला हवं.

माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. मी गेलो तेव्हा तो माझं अंग रगडायचा. नंतर स्वतः जिल्ह्याला खेळला, मग गेवराईत ॲपे रिक्षा चालवायला लागला, पण सकाळ-संध्याकाळ तालीम सोडली नाही. गेली बारा वर्षं पोरांना डाव तोच शिकवतो. हौदातल्या मातीत ताक, तेल, हळद तोच मिसळतो. शनिवारी मारुतीपुढं दिवा तोच लावतो. तुमचे पाय सुजले तेव्हा चेपायला तो, आणि अंबाजोगाईला दवाखान्यात दीड महिना तुमच्या उशाशी सतरंजीवर निजायलाही तोच. मी काय केलं? मी फोन केले.

त्याचा शेवटचा फोन गुरुवारी आला. "म्हादूभाई, ये. आता ये." माझ्या पोरांची रविवारी प्रांताची स्पर्धा होती. मी म्हणालो, रविवार होऊ दे, सोमवारी निघतो. तुम्ही शनिवारी गेलात. रविवारी मला कळलं तेव्हा मी गळ्यात टॉवेल टाकून मॅटच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो होतो आणि समोर माझं पोरगं गुणांनी पुढं होतं. मी उठलो नाही वस्ताद. कुस्ती संपेपर्यंत बसून राहिलो. तुम्ही असता तर तेच केलं असतं असं मी मनाला सांगितलं. तुम्ही खरंच तसं केलं असतंत का? हा प्रश्न मला रोज पडतो.

त्यानंतरही शाळेची रजा, तिकीट, मुलीचा ताप. कारणं सगळी खरी होती. पण गावात पाऊल टाकलं ते विसाव्या दिवशी संध्याकाळी.

आणि एकविसाव्या दिवशी सकाळी मी ते करून बसलो.

आपल्या तालमीची रीत तुम्ही मला शंभर वेळा ऐकवली आहे. वस्ताद गेला की हौदातली माती तशीच ठेवायची. जोर नाही, कुस्ती नाही. जो पुढं तालीम चालवणार, त्यानंच पहिली कुदळ मारायची. ती मारली की तो वस्ताद. मग पंच नकोत, ठराव नको. तुमच्या वस्तादांच्या माघारी माती वाळून दगड झाली होती आणि तुम्ही कुदळ मारलीत तेव्हा ठिणगी उडाली, असं तुम्ही सांगायचात. ठिणगीचं मला कधी खरं वाटलं नाही, पण रीत मला पक्की ठाऊक होती.

त्यात तुम्ही दवाखान्यात सांगून ठेवलेलं. अप्पांनी मला आल्या आल्या ऐकवलं, "वस्ताद म्हनले, म्हादू आल्याबिगर माती उकरू नगा." गावानं त्याचा अर्थ लावून टाकला होता. वारस महादू! मी हात जोडून म्हणालो, अप्पा, मला पंधरा दिवसांनी परत जायचंय. अप्पा म्हणाले, "बगू. आदी जेव."

तिकडची वेळ अंगात होती, म्हणून पहाटेच जाग आली. उजाडता उजाडता तालमीत आलो. दार उघडंच होतं. हौद बघितला. तुमची लोण्यासारखी माती तडे जाऊन पडली होती. कोपऱ्यात कुदळ. लंगोट लावला नव्हता, अंगात कॅनडाचं जाकीट होतं, तरी हात कुदळीकडं गेला. लहानपणी सकाळी आलं की पहिलं काम तेच असायचं ना! मी घाव घातला.

गावाला मी सांगितलं, सवयीनं झालं, रीत ध्यानात आली नाही. अप्पांना तेच सांगितलं, तिकडं बायकोला, सुनंदालाही फोनवर तेच सांगितलं. सगळे हसले. "बगा, मातीनंच वढलं त्याला," असं म्हणाले.

तुम्हाला खरं सांगतो. पहिला घाव सवयीचा होता. कुदळ वर उचलली आणि मला सगळं आठवलं. रीत आठवली, तुमचं बोलणं आठवलं. आणि दारात शब्बीर उभा दिसला. हातात पाण्याची कळशी. नेहमीप्रमाणे माती बघायला आला होता, उकरायला नव्हे. आमची नजरानजर झाली. कुदळ माझ्या डोक्यावर होती. तेव्हा मी ती खाली ठेवू शकत होतो. "शब्बीर, चुकलं रे, ये, तू घे" एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

मी दुसरा घाव घातला. मग तिसरा. मग सगळा हौद उकरला, गुडघा ठणकेपर्यंत.

का? चार वर्षं औषधाच्या पाण्यानं गादी पुसली म्हणून. तिकडं मला सगळे कोच म्हणतात, पण वस्ताद कुणी म्हणत नाही म्हणून. मला ते हवं होतं वस्ताद. राहायचं नव्हतं, पोरांना रोज पहाटे उठवायचं नव्हतं, तुमचे पाय चेपले नव्हते, आणि तरीही नाव माझंच हवं होतं. शब्बीरनं कळशी ओट्यावर ठेवली आणि रिक्षा घेऊन गेला.

दुपारपर्यंत गावात पेढे वाटले गेले. तिसऱ्या दिवशी बीडहून फ्लेक्स छापून आला. त्यावर माझा वीस वर्षांपूर्वीचा लंगोटातला फोटो, मागं कॅनडाचं लाल पान, वर तुम्ही ढगात! मला हसू आलं. त्या फ्लेक्सवर खाली चाळीस जणांचे फोटो आहेत. त्यात शब्बीर नाही.

मी अप्पांना म्हणालो, "अप्पा, तालीम शब्बीरला द्या. तोच चालवतोय." अप्पांनी चष्मा पुसला. तुमचा जन्माचा मित्र, माणूस वाईट नाही. "शब्बीर चांगला हाय रं. लई केलं त्यानं. पन..." त्या पण-पुढं ते काही बोलले नाहीत. मी दुसऱ्या चौघांना विचारलं. सगळ्यांचं बोलणं त्या पण-पाशी येऊन थांबतं. मारुतीपुढं बारा वर्षं दिवा लावताना कुणाला पण आठवला नाही, फेटा म्हटलं की आठवतो! आणि मी तरी कोण बोलणारा? त्यांच्या पण-चा फायदा तर मीच घेतलाय.

तुमच्यावरही रागावलो होतो. पाठ फिरवून गेलेला तुम्हाला वारस वाटला, आणि उशाशी निजलेला दिसला नाही? चार दिवस मनातल्या मनात भांडलो तुमच्याशी. काल काकूंच्या चुलीपाशी बसून तेच बोललो. त्या भाकरी थापत होत्या. थांबल्या.

"कोन म्हनलं तुला वारस?"

"वस्ताद म्हणाले ना, महादू आल्याशिवाय माती उकरू नका."

"व्हय, म्हनले की. मी हुते न्हवं तितं. तुजी वाट बगत हुते त्ये. पोरगं लांबून येतंय, माती उकरताना त्येनं बी असावं, बगावं, येवडंच. वारस-बिरस न्हाई काय म्हनले."

"मग काकू, तुम्ही बोलला का नाहीत कुणाला?"

"मला कोनी इचारलं बाबा?" आणि त्या पुन्हा थापायला लागल्या.

म्हणजे तुम्ही मला तालीम दिलीच नव्हती. मी नुसतं हौदाच्या कडेला उभं राहून बघायचं होतं. तेवढंही मला नीट जमलं नाही!

सुनंदा रोज फोन करते. "तिकीट कवाचं काढू?" मी म्हणतो, बघू. "बगू म्हंजी? शाळेचं पत्र आलंय, एक तारखेला हजर व्हा म्हनत्यात. तुमी तितं ऱ्हानार हाव का? तसं सांगा, मी तनूला समजावते." तनू अकरा वर्षांची आहे, तिला काय समजावणार ती? बाबा चुकून वस्ताद झाले? चुकून तर झालो नाही.

निघून गेलो तर तालमीला वस्ताद नाही. रीतीप्रमाणे मी जिवंत असेपर्यंत दुसरा कुणी वस्ताद होत नाही, आणि अप्पा म्हणतात, तू तिकडं ऱ्हा, नाव तुजंच ऱ्हाऊ दे. म्हणजे फ्लेक्सवर मी आणि मातीत शब्बीर, आयुष्यभर! राहिलो तर सुनंदा आणि तनू तिकडं, आणि शब्बीर माझ्या हाताखाली. ज्या बाजूनं सुटायला बघतो, तिथं दुसऱ्या कुणाचा तरी हात पिरगळला जातो.

आज दुपारी शब्बीरच्या घरी गेलो. रिक्षाचं चाक काढून बसला होता. वर बघितलं नाही. मी उभ्या उभ्याच सगळं बोललो. काकूंनी सांगितलेलं सांगितलं, आणि दुसऱ्या घावाचंही सांगितलं.

तो म्हणाला, "मला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"तू माज्याकडं बगितलं आन् मंग मारली. मी काय आंदळा हाय का बे?"

सतरा वर्षं मला भाई म्हणणारा माणूस मला पहिल्यांदा बे म्हणाला. बरं वाटलं.

मी म्हटलं, "शब्बीर, तू तालीम घे."

तेव्हा त्यानं पाना खाली टाकला. "कशी घिऊ? तू गेला तर गाव म्हनंल, शब्बीरनं पळवून लावला. तू ऱ्हायला तर मी कोन? बारा वर्सं त्या मातीत काडली, आन् आता पोरं मला इचारत्यात, भाई, उद्या कोन शिकवनार. काय सांगू त्यांला? तुला अडकल्यावानी वाटतंय व्हय? आन् मला?"

त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला, दोघांनीही घेतला नाही.

मग तो म्हणाला, "मला फेटा नगं म्हादूभाई. ज्ये मला सांगितलं ना आता, त्ये समद्यांसमोर सांग. वस्तादांनी मला टाकलं न्हवतं, येवडं गावाला कळू दे. मंग मी मातीत उतरायचं का न्हाई, त्ये माजं मी बगीन."

"सांगतो," मी म्हणालो.

"समद्यांसमोर?"

"समद्यांसमोर."

त्यानं पाना उचलला आणि चाक बसवायला लागला. माझ्यावर विश्वास ठेवलाय असं मला काही दिसलं नाही. ठेवावा तरी का?

वस्ताद, मला भीती वाटतेय. लपवत नाही. या गावात माझं एवढंच आहे, नाव. बाप गेला, मेंढरं गेली, घराला कुलूप. कमानीवर, शाळेत, तालमीत माझे फोटो आहेत. बाया लेकरांना दाखवतात, ह्यो बग, आपला म्हादू. उद्या मी तोंड उघडलं की त्याच बाया म्हणतील, वस्तादाच्या माघारी डल्ला मारायला आला होता. खरं बोललो तर मला इथून जाता येईल. पण मग परत कुठल्या तोंडानं यायचं? आणि नाही बोललो तर फेट्यासकट इथंच अडकून पडायचं, विमानात बसलो तरी. दोन्हीकडून पाठ मातीलाच लागते आहे, म्हणून म्हटलं, निदान आपल्या हातानं लागू दे.

तुमचा एक नियम मी तिकडच्या पोरांनाही शिकवलाय. पाठ लागली की पडून राहायचं नाही. पंचांनी ओढायच्या आधी उठायचं, समोरच्याकडं जायचं आणि त्याचा हात स्वतः वर करायचा. तुमच्यामुळं जत्रेत लोक आपल्या तालमीचा पैलवान हरलेलाही ओळखायचे.

तर उद्या अप्पा माझ्या डोक्याला फेटा लावायला आले की मी तो हातानं अडवीन. माईक घेईन. दुसऱ्या घावाचं सांगेन, काकू काय म्हणाल्या ते सांगेन, आणि अप्पांच्या त्या पण-च्या पुढं काय आहे तेही सगळ्यांदेखत विचारीन. मग खाली उतरून शब्बीर जिथं उभा असेल तिथं जाईन आणि त्याचा हात वर करीन. त्यानं हिसडा देऊन सोडवला तरी परत धरीन. गाव टाळ्या वाजवो, नाहीतर पायताणं मारो. हा शब्द मी तुम्हाला देतोय, आणि या वेळी फोनवर देत नाही, लिहून देतोय.

तुमचा पठ्ठा अशी सही करायचा माझा हक्क उद्या ठरेल. आज नुसताच,

म्हादू